वडिलांच्या स्मृतीसाठी शिष्यवृत्ती न्यास : न्यासपत्रापासून पहिल्या हप्त्यापर्यंत

माझे वडील नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले. त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती देणारा एक छोटा सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) आम्ही नागपुरात नोंदवला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातून पहिला हप्ता विद्यार्थ्यांच्या खात्यांत जमा झाला. मधल्या काळात न्यासपत्र, धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, बँक, आयकराची प्रमाणपत्रे आणि शेवटी प्रत्यक्ष निवड हे सगळे पार करताना, आधी या वाटेने गेलेल्या एखाद्या सामान्य कुटुंबाने ते क्रमाने लिहून ठेवलेले असते तर किती बरे झाले असते, असे मला वारंवार वाटत राहिले. घरातले माणूस गेल्यावर त्याच्या नावाने काहीतरी करावे ही इच्छा पुष्कळांच्या मनात असते, पण कागदपत्रांच्या धास्तीने ती मनातच राहते. अशा वाचकांसाठी हे लिहीत आहे.

बाबा आरोग्य विभागात कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. १९७८ साली ते नोकरीला लागले, बहुतेक सगळी नोकरी त्यांनी कुही, भिवापूर आणि उमरेड तालुक्यांतल्या गावांत केली आणि २०१२ मध्ये निवृत्त झाले. त्यांनी काम सुरू केले तेव्हा डॅप्सोनची गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागत असे आणि रुग्ण मध्येच उपचार सोडून देत. पुढे १९८३ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम आला आणि रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन अशी एकत्रित औषधे टप्प्याटप्प्याने जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. आजार बरा होऊ लागला, पण क्लोफाझिमिनने त्वचा काळवंडते, त्यामुळे उपचार चालू असताना नेमके तेच माणूस गावाच्या डोळ्यांवर येई. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाच्या खाली आले. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते आणि ते २०१९ च्या दुरुस्तीनेच निघाले. आजारापेक्षा त्याच्या नावाची दहशत किती अधिक टिकाऊ आहे, हे बाबांना पुस्तकातून नव्हे, गावांतून कळले होते. आमच्या न्यासाचे सगळे नियम अखेरीस या एका गोष्टीवर येऊन ठरले.

वर्षश्राद्धाच्या आधीच, म्हणजे २०२३ च्या सुरुवातीला, आम्ही घरी बसून विचार सुरू केला. आईने बाबांच्या निवृत्तीच्या रकमेतून पाच लाख रुपये वेगळे काढले होते. मी आणि दादाने मिळून आणखी तीन लाख घालायचे ठरवले. या पैशांचे काय करावे यासाठी तीन मार्ग समोर होते. विद्यापीठाला किंवा एखाद्या महाविद्यालयाला अक्षय निधी म्हणून एकरकमी देणगी द्यायची आणि तिच्या व्याजातून दर वर्षी पारितोषिक किंवा शिष्यवृत्ती द्यायची, हा पहिला मार्ग. चालू असलेल्या एखाद्या सेवाभावी संस्थेकडे नामनिर्देशित निधी सोपवायचा, हा दुसरा. स्वतःचा न्यास नोंदवायचा, हा तिसरा आणि सर्वांत कष्टाचा.

माझे प्रामाणिक मत असे आहे की मूळ रक्कम पाच लाखांच्या आत असेल आणि विद्यार्थ्यांसाठी काही वेगळ्या अटी ठेवायच्या नसतील, तर पहिला किंवा दुसरा मार्गच निवडावा. न्यास नोंदवला की दर वर्षीचे लेखापरीक्षण, विवरणपत्रे आणि विश्वस्तांच्या सभा हे सगळे कायमचे मागे लागते आणि छोट्या निधीच्या व्याजाचा मोठा वाटा त्यातच जातो. आम्ही दोन शिक्षणसंस्थांशी बोललो होतो. दोन्हीकडे सौजन्याने ऐकून घेतले गेले, परंतु निवड पूर्णपणे गुणपत्रिकेवर होईल आणि समारंभात नाव पुकारून धनादेश दिला जाईल, अशी त्यांची पद्धत होती. त्यांच्या जागी ती योग्यच आहे. आम्हाला मात्र ती चालणार नव्हती आणि तिचे कारण घरातल्या एका मोठ्या चर्चेतून स्पष्ट झाले.

न्यासपत्रात उद्देशाचे कलम काय असावे यावर दादाचे आणि माझे एकमत होत नव्हते. 'कुष्ठरोगबाधित कुटुंबांतील मुलांसाठी शिष्यवृत्ती' असे स्पष्ट लिहावे, असे दादाचे म्हणणे होते. बाबांचे आयुष्य ज्या कामात गेले त्याचा उल्लेखच टाळला तर स्मारक कशाचे, असे तो विचारत होता, आणि देणगीदारांनाही अशा उद्देशाचे महत्त्व चटकन पटले असते. त्याच्या बोलण्यात वजन होते. मला एवढेच दिसत होते की, असे लिहिले तर अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलीला आधी आपल्या आईच्या किंवा आजोबांच्या आजाराचा पुरावा जोडावा लागेल, आणि तो कागद महाविद्यालयाच्या कार्यालयातून, झेरॉक्सच्या दुकानातून, मैत्रिणींच्या हातांतून जाईल.

आईने त्या दिवशी आम्हाला बाबांच्या कामाची रीत सांगितली. मी ती लहानपणी पाहिली असेल, पण तिचा अर्थ मला कळला नव्हता. बाबा गावात शिरले की सायकल रुग्णाच्या घरासमोर कधीच लावत नसत. ती शाळेपाशी किंवा ग्रामपंचायतीपाशी उभी करून ते ओळीने सगळ्या घरांत जात, सगळ्यांची तपासणी करत, पाणी मागत, पोरांची चौकशी करत, आणि त्या ओघात एखाद्या घरात महिन्याच्या गोळ्यांचे पाकीट हातावरून हातात जाई. तेराव्याच्या दिवशी भिवापूरकडून आलेल्या एका वयस्क गृहस्थांनी आईला बाजूला घेऊन सांगितले होते, "सायेबानं आमच्या दारात कधी सायकल नाई उभी केली, म्हणून माह्या पोरीचं लगन झालं." आईने हे सांगितल्यावर दादा बराच वेळ बोलला नाही. मग त्यानेच कागद पुढे ओढून उद्देशाचे वाक्य बदलले. कुही, भिवापूर आणि उमरेड या तीन तालुक्यांतील, आर्थिक अडचणीतील आणि आरोग्यसेवेशी संबंधित अभ्यासक्रम शिकणारे विद्यार्थी, असे ते झाले. आजाराचा उल्लेख न्यासपत्रात, अर्जात आणि नोंदवहीत कुठेही असणार नाही, हे आम्ही ठरवले. याची किंमत आम्हाला ठाऊक होती. 'तुमच्या पैशांतून अमुक इतक्या बाधित कुटुंबांना मदत झाली' असे देणगीदारांना आम्ही कधीच सांगू शकणार नाही, आणि त्यामुळे देणग्या कमी येतील. ती किंमत योग्य आहे असे मला आजही वाटते.

यानंतरचे काम वकिलांचे होते. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था काढायची तर किमान सात सभासद लागतात आणि तिचीही न्यास म्हणून नोंदणी करावीच लागते. आमच्यासारख्या मर्यादित कामाला न्यासपत्राचा मार्ग सोपा होता. आम्ही पाच विश्वस्त घेतले : आई, दादा, मी, बाबांबरोबर काम केलेले एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी आणि उमरेड भागातल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. विश्वस्तांत घराबाहेरची माणसे असावीत, असा माझा आग्रह होता. डॉक्टरसाहेब आणि बाई यांनी पहिल्या सभेपासून जे प्रश्न विचारले, ते आम्ही घरच्या घरी एकमेकांना विचारले नसते.

न्यासपत्राच्या मसुद्यात काही गोष्टी आयकराच्या दृष्टीने आधीच घालून ठेवाव्या लागतात, कारण नंतर न्यासपत्रात बदल करणे फार जिकिरीचे असते. न्यास रद्द करता येणार नाही, असे स्पष्ट कलम हवे. न्यास बंद पडल्यास त्याची मालमत्ता समान उद्देशाच्या दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाकडेच जाईल, असे कलम हवे. लाभ एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लोकांपुरता मर्यादित नसावा, नाही तर आयकरातील सवलत अडचणीत येते. विश्वस्तांच्या आणि मोठ्या देणगीदारांच्या नातलगांना न्यासाच्या पैशांचा लाभ देता येत नाही. हे शेवटचे कलम आम्ही शब्दशः लिहून घेतले आणि त्याचा उपयोग लगेच झाला. जवळच्या नात्यातून 'आपल्या मुलांना आधी प्राधान्य द्या' अशी प्रेमळ सूचना आली तेव्हा न्यासपत्र दाखवणे पुरेसे ठरले.

जुलै २०२३ मध्ये न्यासपत्रावर सह्या झाल्या. न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत धर्मादाय कार्यालयात नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो, त्यामुळे सह्यांची तारीख ठरवण्यापूर्वी बाकीचे कागद तयार ठेवावेत. अर्ज परिशिष्ट दोनमध्ये करायचा असतो आणि बोलताना सगळे त्याला शेड्यूल टू असेच म्हणतात. माहिती आधी संकेतस्थळावर भरावी लागते आणि नंतर कागदी संच सादर करावा लागतो. त्यासोबत न्यासपत्राची प्रत, प्रत्येक विश्वस्ताचे संमतिपत्र, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, शपथपत्र, न्यासाचा पत्ता ज्या घरात आहे त्या घरमालकाचे ना-हरकत पत्र आणि त्या घराचे वीजबिल असे कागद जोडले. आमचे घर मानेवाड्यात आहे आणि वीजबिल अजून बाबांच्याच नावावर होते. ते आईच्या नावावर करून घेणे हे काम वरवर किरकोळ वाटते, पण घरातल्या कर्त्या माणसाच्या पश्चात न्यास काढणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे ते येणारच, म्हणून त्याची सुरुवात सर्वांत आधी करावी. त्याच सुमारास मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रमाणित प्रती महापालिकेकडून काढून ठेवाव्यात, त्या पुढे बँकेतही लागतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये अर्ज दाखल झाला. त्यानंतर कार्यालयाकडून चौकशी होते, हरकतींसाठी नोटीस निघते, कागदांत काही कमी असल्यास त्रुटी कळवल्या जातात आणि मग नोंदणीचा आदेश होतो. आम्हाला विश्वस्तांच्या निवडीची पद्धत आणि त्यांचा कार्यकाळ अधिक स्पष्ट करण्यास सांगण्यात आले. वकिलांनी तसा खुलासा सादर केला. एका विश्वस्ताचे निधन झाले किंवा त्याने राजीनामा दिला तर पुढचा कोण आणि कसा येईल, हा प्रश्न वयस्क विश्वस्त असलेल्या न्यासाला टाळताच येत नाही. असा कोणताही बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो, हेही तेव्हाच समजले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ई या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्र हातात आले. प्रमाणपत्रासोबत सार्वजनिक न्यास नोंदवहीचा उतारा नक्की मागून घ्यावा, पुढे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तोच मागतात.

वाट पाहण्याच्या त्या महिन्यांत माझी मनःस्थिती चांगली नव्हती. नोकरीतून वेळ काढून वकिलांकडे जायचे, फाईल घेऊन घरी यायचे, आणि आईने दारातच "झालं का गं?" असे विचारायचे. बाबा जाऊन वर्ष उलटले होते आणि त्यांच्या नावाचे काम अजून कागदावरच होते. त्या काळात डॉक्टरसाहेबांनी एक चांगली सूचना केली. नोंदणी होईपर्यंत थांबून न राहता मुलांचा खरा खर्च काय आहे, याची चौकशी सुरू करावी, असे ते म्हणाले. नर्सिंगच्या काही विद्यार्थिनींशी आणि त्यांच्या पालकांशी बोलल्यावर आमच्या कल्पनांना बराच धक्का बसला. आम्ही शिक्षण शुल्काचा विचार करत होतो, परंतु शुल्काचा मोठा भाग शासनाच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्त्यांतून, महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळाच्या मार्गाने, पुष्कळांना मिळतो. पुढे जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. जे मिळत नाही किंवा उशिरा मिळते ते म्हणजे मेसचे पैसे, खोलीभाडे, गणवेश, पुस्तके आणि गावी येण्या-जाण्याचे भाडे. मुली शिक्षण सोडतात त्या बहुधा या खर्चापायी.

यातूनच एक महत्त्वाचा नियम आला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या ज्या मार्गदर्शक सूचना आम्ही वाचल्या, त्यांत दुसरी शिष्यवृत्ती एकाच वेळी घेण्यास मनाई आहे, पण पुस्तके, साहित्य, निवास आणि भोजन यांसाठी इतरत्र मिळणाऱ्या तात्पुरत्या आर्थिक साहाय्याला मुभा आहे. म्हणून आमच्या मंजुरीपत्रात रक्कम 'पुस्तके, शैक्षणिक साहित्य, निवास व भोजन यांसाठीचे साहाय्य' म्हणूनच लिहिली जाते. खासगी शिष्यवृत्ती सुरू करणाऱ्यांनी हा मुद्दा आधी तपासावा, कारण आपल्या वीस हजारांपायी एखाद्या मुलाची त्याहून मोठी शासकीय मदत जाऊ नये.

मार्च २०२४ मध्ये न्यासाचे पॅन काढले आणि बँकेत खाते उघडायला गेलो. एका बँकेने आयकराचे प्रमाणपत्र आधी मागितले. त्या प्रमाणपत्राच्या अर्जासाठी सीए बँक खात्याचा तपशील मागत होते. त्या शाखेत फार वेळ न घालवता आम्ही दुसऱ्या राष्ट्रीयीकृत बँकेत गेलो, आणि नोंदणी प्रमाणपत्र, उतारा, न्यासपत्र, पॅन आणि विश्वस्तांचा ठराव एवढ्यावर तिथे खाते उघडले गेले. ठरावात कोणत्या दोन विश्वस्तांच्या संयुक्त सह्यांनी व्यवहार होतील, हे स्पष्ट लिहावे. आमच्या न्यासात एक सही घरच्या विश्वस्ताची आणि दुसरी घराबाहेरच्या विश्वस्ताची लागते.

एप्रिल २०२४ मध्ये सीएंनी आयकराच्या संकेतस्थळावर फॉर्म १०ए भरला. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात नव्या न्यासाला कलम १२एबी खालची नोंदणी (न्यासाच्या उत्पन्नावरील करसवलतीसाठी) आणि कलम ८०जी खालची मान्यता (देणगीदाराच्या वजावटीसाठी) आधी तात्पुरती, तीन वर्षांसाठी मिळत असे. काम प्रत्यक्ष सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत किंवा तात्पुरती मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, यांतले जे आधी येईल तेव्हा, फॉर्म १०एबी भरून नियमित नोंदणी मागावी लागे. तात्पुरती नोंदणी मे महिन्यात आली. देणगीदारांना याबाबत खरे तेच सांगावे. आमच्यासारख्या न्यासाला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ती मिळत नाही. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला वजावट नाही. देणगीदाराचा पॅन किंवा आधार क्रमांक पावतीवर घ्यावाच, कारण त्या कायद्यानुसार आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत सर्व देणग्यांचे विवरण फॉर्म १०बीडीमध्ये द्यावे लागे आणि त्यानंतरच देणगीदाराला वजावटीसाठीचे १०बीई प्रमाणपत्र देता येई.

देणग्यांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने मोठ्या मनाने रक्कम देऊ केली. त्याने तिथले नागरिकत्व घेतलेले असल्याने ती रक्कम परकीय स्रोतातून आलेली ठरते, आणि विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती स्वीकारता येत नाही. ती नोंदणीही न्यासाला तीन वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मागता येत नाही. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी नातलगांना ही अडचण नसते. त्याला नकार कळवताना वाईट वाटले, पण सीएंनी आधीच सावध केले नसते तर फार मोठा गुंता झाला असता.

दुसरी गोष्ट मूळ निधीची. देणगी मूळ निधीत कायम ठेवायची असेल, तर तसे देणगीदाराचे लेखी निर्देश हवेत. तसे पत्र नसलेली देणगी त्या वर्षाचे उत्पन्न धरली जाते, आणि उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशासाठी खर्च करण्याचे बंधन असते. म्हणून आम्ही पावतीपुस्तके दोन ठेवली आणि मूळ निधीच्या पावतीसोबत एक छापील निर्देशपत्र ठेवले, ज्यावर देणगीदार फक्त सही करतो. बाबांचे जुने सहकारी, आमचे नातलग आणि तिन्ही तालुक्यांतली माणसे यांच्याकडून आलेल्या रकमा धरून मूळ निधी बारा लाखांपर्यंत गेला. यांत पाचशे, हजार रुपयांच्या देणग्या पुष्कळ होत्या. भिवापूरची मिरची विकून आलेल्या पैशांतून एका कुटुंबाने अकराशे रुपये आणून दिले आणि पावतीवर नाव लिहू नका, असे सांगितले. अनामिक देणगीवर वेगळ्या दराने कर लागू शकतो, म्हणून नोंदीत नाव ठेवणे भाग होते. ते कुठेही प्रसिद्ध होणार नाही, असा शब्द आईने त्यांना दिला आणि तो पाळला जात आहे.

बारा लाखांच्या ठेवी आम्ही तीन बँकांत विभागल्या, कारण ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच आहे. जास्त व्याजाची एक पतसंस्थाही सुचवली गेली होती, पण न्यासाचा निधी कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच गुंतवावा लागतो आणि तिथे जोखीम घेण्याचा अधिकार विश्वस्तांना नसतो. सात टक्क्यांच्या आसपास व्याज धरले तर वर्षाला ८४ हजार रुपये येतात. प्रत्येकी २२ हजारांप्रमाणे तीन विद्यार्थ्यांना ६६ हजार आणि लेखापरीक्षण व इतर खर्चाला आठ हजार, असे ७४ हजार होतात, म्हणजे ८५ टक्क्यांची अट पाळली जाते आणि उरलेली रक्कम ठेवीत परत जाऊन महागाईला थोडे तोंड देते. ठेवींचे व्याज जून आणि नोव्हेंबर या महिन्यांत हातात येईल अशा मुदती ठेवाव्यात, कारण मेस आणि खोलीचे पैसे सत्राच्या सुरुवातीलाच भरावे लागतात.

नोंदणीचा सगळा खर्च, म्हणजे वकिलांचे शुल्क, सीएंचे शुल्क, मुद्रांक, नोटरी, झेरॉक्स आणि छपाई, मिळून सुमारे ३५ हजार रुपये आला. शासकीय शुल्क त्यात अगदी थोडे होते. हा खर्च दादाने आणि मी केला, मूळ निधीतून एक रुपयाही घेतला नाही. देणगी मागताना हे सांगता येते आणि त्याने विश्वास बसतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्ज मागवले. अर्ज मराठीत, दोन पानांचा आहे. त्यात प्रवेशाचा बोनाफाईड दाखला, मागील परीक्षेची गुणपत्रिका, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा आणि बँक पासबुकाचे पहिले पान एवढेच मागितले आहे. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली, म्हणजे शासकीय शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखलाच इथे चालतो आणि पुन्हा सेतू केंद्रात रांग लावावी लागत नाही. निवडीत कोणतीही छुपी अट नाही. तीन तालुक्यांतला कोणताही गरजू विद्यार्थी पात्र आहे. फरक आहे तो अर्ज कोणाच्या दारापर्यंत पोहोचतो यात. शाळांत आणि महाविद्यालयांत सूचना लावल्याच, शिवाय बाबांचे दोन निवृत्त सहकारी अर्ज घेऊन गावांत गेले. त्यांनी तो ओळीने सगळ्या घरांत दिला, आणि ज्या घरांपर्यंत अशा सूचना कधीच पोहोचत नाहीत तीही घरे त्या ओळीत होती. त्यांतल्या कोणत्या घरातून कोणता अर्ज आला, हे ते आम्हाला सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

आलेल्या अर्जांतून तिघांची निवड करताना मन फार कष्टी झाले. जवळजवळ सगळेच पात्र होते. बाईंनी सुचवल्याप्रमाणे आम्ही गुणांना कमी आणि शिक्षण अर्धवट सुटण्याच्या शक्यतेला जास्त महत्त्व दिले. वडील नसलेले, पहिल्या पिढीतले शिकणारे आणि घरापासून दूर राहणारे यांचा आधी विचार झाला. ज्यांची निवड झाली नाही त्यांना प्रत्येकाला पत्र पाठवले आणि त्यात शासनाच्या निर्वाह भत्त्याच्या व वसतिगृहाच्या योजनांपैकी त्यांना लागू पडू शकणाऱ्या योजनांची माहिती लिहिली. ऑक्टोबरमध्ये अकरा हजारांचा पहिला हप्ता थेट खात्यांत गेला. जीएनएम (नर्सिंगची पदविका) शिकणारी एक, बी.एस्सी. नर्सिंगची एक आणि वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेचा एक विद्यार्थी असे हे तिघे आहेत.

समारंभ केला नाही आणि छायाचित्रेही काढली नाहीत. एका मोठ्या देणगीदारांनी विद्यार्थ्यांसोबतच्या छायाचित्राची अपेक्षा व्यक्त केली, तेव्हा आईने त्यांना स्वतः दूरध्वनी करून कारण समजावले. त्यांनी ते मान्य केले आणि पुढल्या वर्षीही देणगी दिली. देणगीदारांना आम्ही वर्षातून एकदा लेखापरीक्षित हिशेब आणि विद्यार्थ्यांच्या नावांशिवाय त्यांच्या अभ्यासक्रमांची माहिती पाठवतो.

काम सुरू झाल्यामुळे नियमित नोंदणीची सहा महिन्यांची मुदतही सुरू झाली होती, त्यामुळे २०२५ च्या आरंभी सीएंनी फॉर्म १०एबी भरला. या टप्प्यावर कामाचा तपशील, हिशेब, बँकेचे उतारे आणि मंजुरीपत्रे मागितली जातात. नोटीस ईमेलवर येते आणि उत्तराची मुदत थोडी असते, म्हणून न्यासाचा ईमेल रोज उघडणारी एक व्यक्ती ठरवून ठेवावी. आमच्याकडे प्रत्येक सभेचे इतिवृत्त आणि प्रत्येक मंजुरीचा ठराव तारीखवार लावलेला असल्याने उत्तर वेळेत गेले. दर ३१ मार्चला हिशेब बंद करून त्यानंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्यायचे आणि अहवाल धर्मादाय कार्यालयाला सादर करायचा, हा आता वर्षाचा ठरलेला क्रम झाला आहे.

दुसऱ्या वर्षाच्या सभेत प्रश्न असा आला की नवे तीन विद्यार्थी घ्यायचे की जुन्यांनाच पुढे मदत द्यायची. जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पहिल्या वर्षी मदत देऊन दुसऱ्या वर्षी ती थांबवली, तर मुलगी अधिक अडचणीत येते. बाबांच्या कामातही पाकीट सुरू केले की ते संपेपर्यंत जायचेच, असा नियम होता, असे डॉक्टरसाहेब म्हणाले. एकदा निवडलेल्या विद्यार्थ्याला, तो परीक्षा देत राहील तोपर्यंत, अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत साहाय्य द्यायचे असा ठराव झाला. एखाद्या विषयात नापास झाल्यास एक वर्ष सवलत ठेवली आहे. याचा अर्थ नवी जागा प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेचा विद्यार्थी बाहेर पडेल तेव्हाच रिकामी होईल. चौथ्या विद्यार्थ्यासाठी मूळ निधीत आणखी सुमारे चार लाखांची भर पडावी लागेल आणि ती येईपर्यंत आम्ही संख्या वाढवणार नाही.